तांब्याची टाकी

"घंगाय चाललं बे, घंगाय!" खामगावच्या कापूस बाजाराच्या वळणावर रिकाम्या बंडीत बसलेला कुणीतरी ओरडला, आणि फटफटीवर ताठ बसलेल्या नीळकंठनं गाडी हळू केली. ओरडणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला जे दिसलं ते तो बोलला. बाकीचे हसले. त्यांच्यातला एकजण नीळकंठच्याच वर्गातून भूमितीत नापास होऊन बाहेर पडलेला होता आणि तो सगळ्यांत मोकळ्या मनानं हसत होता. नीळकंठनं खाली पाहिलं. मांड्यांच्या मध्ये पेट्रोलची तांब्याची टाकी होती आणि तिच्यावरचा हातोडीचा एकेक ठोका वैशाखाच्या उन्हात वेगळा चमकत होता. रांगेनं, शेजारीशेजारी, न चुकता. असले ठोके असलेली वस्तू वऱ्हाडातल्या कुठल्याही बऱ्या घरात न्हाणीच्या तोंडाशी असते. आंधळ्यानंही नुसता हात फिरवून तिचं नाव सांगितलं असतं. सकाळपासून तो तिला टाकी म्हणत होता, मनातल्या मनात बजावून बजावून म्हणत होता. आता एका शब्दासरशी ती घंगाळ झाली आणि पुन्हा टाकी व्हायला तयार होईना.

गाडी तिथंच खोकली आणि बंद पडली. फजिती कधी एकटी येत नाही, सोबत सगळं गणगोत घेऊन येते. तो उतरला, दोनदा लाथ मारून पाहिली, धोतराचा सोगा साखळीत जाता जाता वाचला. "ढकलू का मास्तर?" नापास झालेल्यानं विचारलं. "नको," नीळकंठ म्हणाला, आणि हँडल धरून गाडी ढकलत घराकडं निघाला. घर पाऊण मैलावर होतं. घरी बायको, वासंती, घंगाळाची वाट पाहत होती. "आज आणतो," असं तो सकाळी तिला सांगून निघाला होता, आणि खोटं बोलला असंही कुणाला म्हणता आलं नसतं. तो आणतच होता. या विचारानं त्याला स्वतःचं इतकं हसू आलं की घशाशी आंबट पाणी आलं, आणि तो रस्त्याच्या कडेला थुंकला.

इंजिनातून जळक्या एरंडेलाचा वास येत होता. जुन्या विलायती गाडीला एरंडेलच घालावं लागतं, असं कापसाच्या जिनातल्या फिटरनं सांगितलं तेव्हाच त्यानं हा नाद सोडायला हवा होता. लहानपणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचे वडील अण्णा सुंठेच्या काढ्यात एरंडेल कालवून त्याच्यापुढं धरत. नाक दाबायचं, डोळे मिटायचे, आणि तो घट्ट, कोमट घोट घशाखाली उतरवायचा. मग दिवसभर परसाकडच्या वाऱ्या. चाळिशीला आलेला, हायस्कुलात भूमिती शिकवणारा माणूस चार महिने संध्याकाळी अंगणात बसून त्याच वासात हात बरबटून घेत होता. नखांत तो वास होता, उशीत होता. शाळेत खडू हातात घेतला की खडूला लागायचा. वासंती काही म्हणायची नाही. ती त्याची उशी उन्हात टाकायची, बस. माणसानं काहीतरी म्हणावं. न बोलणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं फार सोपं जातं, ही गोष्ट त्याला याच चार महिन्यांत कळली होती.

गाडी मिळाली ती वडनेर भोलजीला, पंजाबरावांच्या गोठ्यात. कडब्याखाली. पंजाबरावांच्या वडिलांनी ती एका जाणाऱ्या साहेबाकडून घेतली होती. एक हंगाम उडवली, मग विहिरीच्या थारोळ्यावर आपटून गुडघा मोडून घेतला आणि गाडी म्हशींच्या हवाली केली. "घेऊन जा मास्तर," पंजाबराव म्हणाले. "नुसती पडून राह्यली. जागा अडवून राह्यली. म्हशी बिचकतात तिले." वीस वर्षांच्या मुतानं मडगार्डांची जाळी झाली होती. कातडी बैठकीला कसर लागलेली. टाकी गंजून चाळण झालेली, तिच्या बुडाला मूठ जाईल एवढं भोक. त्यातून नीळकंठनं हात आत घातला, आणि बोटांना काहीतरी मऊ लागलं. ऊन, मऊ आणि हलणारं. उंदराची पिल्लं. बिनकेसांची, गुलाबी, डोळे न उघडलेली, पाचसहा. त्यानं झटकली ती उकिरड्यावर पडली आणि कुंपणावरच्या कावळ्यानं वाट पाहिली नाही. पंजाबराव पोट धरून हसले. नीळकंठनं राखेनं तीनदा हात घासला. तरी पुढं आठवडाभर त्या हातानं भाकरी मोडताना बोटांत तो ऊबदार मऊपणा यायचा, आणि घास ताटातच राहायचा. तेवढी शिसारी माणसाला शहाणं करायला पुरते. पण गाडीच्या हँडलला डाव्या अंगाला पितळी भोंगा होता, आणि तो पाहिल्यावर त्याला शहाणपण नको होतं.

तो भोंगा त्यानं जळगाव जामोदला ऐकला होता. मॅट्रिकची परीक्षा देऊन तो घरी आला होता, सतरा वर्षांचा, ओठावर लव, डोक्यात युक्लिड. अण्णा, म्हणजे चिंतामणराव, जंगलखात्यात कारकून. त्या दिवशी खात्याचा साहेब सातपुड्यातून नाल्याचा चिखल तुडवत फटफटीवर आला आणि काहीतरी कागद हवा म्हणून थेट घरापुढं येऊन थांबला. भोंगा वाजला. अण्णा जेवता जेवता उठले. कागद शिपायानं दिला. अण्णांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, वाकले, आणि साहेबाच्या गाडीचं मडगार्ड पुसायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. साहेब त्यांच्या डोक्यावरून शिपायाशी बोलत होता, जसं ओट्यावरून पलीकडच्याशी बोलावं. पुढचं मडगार्ड झालं, अण्णा उकिडवे सरकत मागच्याकडं गेले. साहेबानं गाडी सुरू केली तेव्हा त्यांच्या तोंडावर धूर आला, एरंडेलाचाच. मग अण्णांनी ते उपरणं झटकलं आणि पुन्हा खांद्यावर टाकलं. धुवायलाही टाकलं नाही. संध्याकाळी शेजारी बसून सांगत होते, "गाडी जवळून पाहिली हो आज. काय पत्रा आहे! आरशासारखा." नीळकंठला त्या दिवशी बापाची किळस आली. ती कधी गेली नाही. अण्णा वारले, तेरावं झालं, तरी नाही. उलट तिला एक रूप आलं. चढायचं तर त्याच गाडीवर, त्याच आरशासारख्या पत्र्यावर हात ठेवून. बापाला दाखवायला बाप उरला नाही तर गावाला दाखवायचं. आणि आता गाव पाहत होतं.

लढाई संपून वर्ष झालं होतं, पण पत्र्यावरचा कंट्रोल उठला नव्हता. नागपूरहून परवाना आणा, मग पत्रा. मडगार्डं आणि साखळीचं झाकण त्यानं डांबराच्या पिंपाचं लोखंड चिरून तांबट गल्लीतल्या इंद्रभानकडून ठोकून घेतलं. त्यासाठी कागदी साचे लागले ते सहामाहीच्या उत्तरपत्रिका एकावर एक चिकटवून केले. मागच्या मडगार्डाच्या साच्यावर कुणाच्या तरी गिचमिड अक्षरात लिहिलेलं होतं की समद्विभुज त्रिकोणाच्या पायाजवळचे कोन समान असतात. पण टाकीला पिंपाचं लोखंड वळेना, चिरायचं. रॉकेलच्या डब्याचा पत्रा आधीच कागद. इंद्रभान म्हणाला, "तांबं आना. जुनं मोठं भांडं आना एखांदं. तांबं वयते, डाग धरते, जनमभर गयत नाई." जुनं मोठं भांडं घरात एकच होतं.

ते घंगाळ वासंतीच्या आईचं, रुख्मिणीबाईंचं. वासंती आणि तिची धाकटी बहीण शैलजा, दोघी त्यातल्याच पाण्यानं न्हाऊन वाढल्या. आई गेल्यावर भांड्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा या एका भांड्याची वाटणी दोघींनी केली नाही. ज्या घरी बाळंतपण, त्या घरी घंगाळ, असं ठरलं. सोळा वर्षं ते वासंतीकडं होतं आणि सोळा वर्षांत तिच्या घरी बाळंतपण झालं नव्हतं. दर सोमवारी ती ते चिंच आणि राख लावून घासायची, उन्हात वाळवायची आणि न्हाणीत पालथं ठेवायची. त्यात पाणी कधी भरायची नाही. मग पौषात शैलजाचं पत्र आलं की दिवस राहिलेत, वैशाखाअखेर होईल. माहेर उरलं नाही, तेव्हा बाळंतपण मोठ्या बहिणीकडंच. वासंती ते पत्र वाचून न्हाणीत गेली, आणि सोमवार नव्हता तरी घंगाळ घासत बसली. हे सगळं नीळकंठला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर तो आज गाडी ढकलत इतका घामेजला नसता. त्यानं स्वतःशी मात्र वेगळाच हिशोब घातला. नुसतं पडून आहे. जागा अडवून आहे. बाळंतपणाला अजून अवकाश आहे, तोवर दुसरं पाहू. एके दिवशी तो वासंतीला म्हणाला, "घंगाळाचं बूड पातळ झालंय. इंद्रभानकडून नवं बसवून आणतो." ती इतकी खुलली की त्याला तिच्याकडं पाहवेना. "बरं झालं बाई तुमच्या लक्षात आलं," ती म्हणाली. वाटेत चरे पडू नयेत म्हणून तिनं ते जुन्या लुगड्यात गुंडाळून, गाठ मारून त्याच्या हातात दिलं.

इंद्रभाननं गाठ सोडली, घंगाळ उचलून उन्हाकडं धरलं, बुडावर टिचकी मारली. बूड ठणठणीत होतं. "चांगलं हाये," तो म्हणाला. "हे मोडाचं?"

"मोडायचं."

"मंग बाई कुठी हाये?"

"कुठली बाई?"

"भांडं जिचं हाये थे. न्हानीचं भांडं मोडाचं म्हनजे पयला घाव घरच्या बाईनं माराचा. आमच्यात तसंच चालत आलं. तिनं मारला का मंग पाप ना तुमाले ना मले."

नीळकंठनं इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या दुकानातल्या लाकडी मोगऱ्या चालू होत्या, ठोक ठोक ठोक, एका लयीत. त्या आवाजात काहीही खपून गेलं असतं. "तिनंच सांगितलंय मोडायला," तो म्हणाला. "ती बाजारातून कशी येईल? तिच्या वतीनं मी मारतो."

"बाईनंच सांगतलं?"

"हो."

इंद्रभाननं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे भट्टीपुढं बसून कायमचे लाल झालेले होते. मग त्यानं हातोडा पुढं केला. "मंग मारा. पन जोरानं मारा मास्तर. हलक्या हातानं मारलं तं भांडं नुसतं वाजते."

पहिला घाव हलकाच पडला आणि घंगाळ वाजलं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाजलं, बराच वेळ वाजत राहिलं. शेजारच्या मोगऱ्या क्षणभर थांबल्या. दुसरा घाव मधोमध बसला नाही. तिसऱ्याला तांब्याचा काठ आत गेला, दुमडला, आणि आवाज बंद झाला. त्या तिसऱ्या घावाची आठवण त्याला नको असायची, कारण त्या वेळी त्याच्या दंडाला बरं वाटलं होतं. सोळा वर्षं न्हाणीत जाताना ती पालथी, घासलेली, लखलखीत वस्तू त्याला काहीतरी विचारत असल्यासारखी वाटायची. एका घावात तिचं तोंड मिटलं. त्यानं आणखी दोन मारले. इंद्रभाननं हात धरला, "बस करा, पत्रा फाटन."

आणि शैलजाला आठवा संपता संपताच झालं. मुलगी. दहा दिवस घरात ओव्याची धुरी, बाळंतशेपा, हिंगाचा वास, आणि त्याच्या अंगाचं एरंडेल, असं सगळं एकात एक कालवलेलं. गोजरबाई रोज सकाळी पोरीला न्हाऊ घालायला येई आणि रॉकेलच्या डब्यात तापवलेल्या पाण्याकडं पाहून नाक मुरडी. "घंगाय कवा येते बाई?" रोज तेच. शैलजा आतून म्हणे, "ताई, बारशाला तरी येईल ना गं?" आणि वासंती म्हणे, "येईल, येईल. यांनी दिलंय ना बूड बसवायला." यांनी दिलंय. किती भरवसा असावा माणसाला माणसावर, त्यालाही काही ताळतंत्र? आज सकाळी ती दाराशी येऊन म्हणाली होती, "परवा बारसं. आज आणाच." आणि तो म्हणाला होता, "आज आणतो."

तिथून इंद्रभानकडं गेला तो पहिल्यांदा टाकीवरचे ठोके पाहून हबकला. "हे काय केलं तुम्ही?"

"मठारलं."

"मला गुळगुळीत हवी होती. साहेबाच्या गाडीसारखी."

"तांबं भट्टीतून निंगालं का लोन्यावानी नरम असते मास्तर. मठारल्याबिगर त्याच्यात जान येत नाई. गुयगुयीत ठेवलं असतं तं तुमच्या मांडीनंच चेपलं असतं." आणि मग, टाकीवरून तळवा फिरवत, "आमाले एवढंच येते. चार पिढ्यांचा हात हाये, थो गाडी पाहून बदलत नाई."

भिंतीला एक नवं घंगाळ टेकवून ठेवलं होतं, जवळपास तेवढंच. नीळकंठनं सहज विचारल्यासारखं विचारलं, ते मिळेल का, दोन दिवसांसाठी तरी. "थे दुसऱ्या बाईचं हाये," इंद्रभान म्हणाला. "नाव घालून झालं त्याच्यावर. तुमच्या बाईनं मोडाले धाडलं, आता तिले काऊन पाह्यजे घंगाय?" नीळकंठनं सकाळी ढकलत आणलेल्या गाडीवर टाकी चढवली आणि पेट्रोल ओतलं. निघताना म्हाताऱ्यानं फडक्यात बांधलेलं काहीतरी त्याच्या हातात ठेवलं. घंगाळाच्या दोन कड्या, पितळेच्या. "बाईले द्या. गाडीत या कड्याईचं काई काम नाई."

त्या कड्या आता कोटाच्या खिशात होत्या आणि गाडी ढकलताना प्रत्येक पावलाला मांडीवर आपटून वाजत होत्या. ऊन असं की तांब्याला हात लागला तर फोड येईल. तो बाजारामागच्या नालीपाशी थांबला. पाणी जिनाच्या तेलानं निळंजांभळं झालेलं, वर सरकीचा कुजका फेस. घरी जाऊन सांगून टाकायचं, त्यानं ठरवलं. गाडी दारात उभी करायची, आत जायचं आणि म्हणायचं, वासंती, घंगाळ मी मोडलं. कुणाला न विचारता मोडलं, तुला फसवून मोडलं. तीन वाक्यं. मुलांना प्रमेय घोकायला लावतो तसं त्यानं ते चारदा घोकलं. चौथ्यांदा तर आपण बरे आहोत, अजून अगदीच वाया गेलो नाही, असं काहीतरी त्याला वाटायला लागलं. तेवढ्यात त्याच्या हातानं खिशातलं कड्यांचं फडकं काढलं आणि नालीत टाकलं. फेस फाटला आणि पुन्हा जुळून आला. त्यानं मागंपुढं पाहिलं, कुणी नव्हतं. कड्या दिल्या असत्या तर निदान काहीतरी देता आलं असतं, हे त्याला पुढच्या वळणावर सुचलं. परत जाऊन त्या फेसात हात घालण्याच्या नुसत्या कल्पनेनं त्याला ओकारी आली, आणि तो चालत राहिला.

घराचं दार सताड उघडं होतं. ओसरीवर शैलजा डोक्याला फडकं बांधून, पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. गोजरबाई पायरीवर तिच्या पायांना तेल चोळत होती. वासंती आतून हात पुसत आली. तिनं आधी त्याच्या हातांकडं पाहिलं, मग त्याच्या मागं, कुणी हमाल घंगाळ घेऊन येतोय का म्हणून. मग गाडीकडं पाहिलं. नीळकंठनं पहिलं वाक्य जिभेवर आणलं. "वासंती," तो म्हणाला.

"आगं माय!" गोजरबाई ओरडली. "म्हनजे थो तांबट खरंच बोलला म्हना की! सकायी येता येता म्या इंद्रभानले इचारलं, आमच्या बाईचं घंगाय कवा देतं बाप्पा? तं म्हने कायचं घंगाय, थे तं कवाच मोडलं. मले वाटलं बुढा मस्करी करून राह्यला. म्हने बाईनंच मोडाले सांगतलं, पयला घाव बी तिच्याच नावानं पडला."

शैलजानं पोरीच्या डोक्याखालचा हात बदलला. तिची नजर टाकीवर होती, त्या ठोक्यांवर. तिनं ते ओळखले असणार. लहानपणी न्हाताना मोजले असतील, मुलं मोजतात. "ताई," ती म्हणाली, "हे खरं? तू सांगितलंस?"

वासंतीनं नीळकंठकडं पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. ती त्याला जागा करून देत होती, दारात अडखळलेल्या माणसाला आत यायला द्यावी तशी. आत्ता. त्याला फक्त नाही म्हणायचं होतं. तीन वाक्यांतलं एकही नको होतं, नुसतं डोकं हलवलं असतं तरी चाललं असतं. नीळकंठनं मडगार्डाकडं पाहिलं. त्याच्यावर बाजारातली धूळ बसली होती. त्यानं वाकून बोटानं ती पुसली. एक रेघ उमटली, म्हणून तिच्या शेजारची पुसली. मग तो कडेकडेनं, नीट, पुसतच राहिला.

"हो," वासंती म्हणाली. "मीच सांगितलं. जुनं झालं होतं."

"जुनं झालं होतं?" शैलजाचा आवाज एकदम बारीक झाला. "आईचं होतं ते. तुझं एकटीचं नव्हतं. मी आठ महिने..." ती थांबली. बाळंतिणीच्या चेहऱ्यावरचं पिवळेपण गेलं आणि तिथं दुसरंच काहीतरी आलं. उकिरड्यावरून जाताना माणूस तोंड फिरवतो, तसं तिनं सख्ख्या बहिणीकडं पाहिलं. "बरोबर आहे. तुला काय त्याचं! तुझ्या घरी कुणाला न्हाऊ घालायचं होतं त्यात?"

"बाई, बायंतिनीनं असं बोलू नये," गोजरबाई हळूच म्हणाली.

शैलजा पोरीला घेऊन उठली, भिंतीला धरत आत गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. दाराआडून म्हणाली, "मलकापूरला यांना तार करा भाऊजी. मला न्यायला या म्हणावं. बारसं तिकडंच होईल." भाऊजी. त्याच्याशी तिचं काही बिनसलं नव्हतं. तो बिचारा बायकोनं दिलेलं भांडं तांबटाकडं घेऊन गेला होता. नीळकंठ मडगार्डावर वाकलेलाच होता, आणि त्याच्या लक्षात आलं की आपला श्वास, सकाळपासून छातीत अडकून बसलेला, हळूहळू सुटतोय. पाठीतला ताण उतरतोय. त्याला स्वतःची इतकी किळस आली की ती जणू दुसऱ्या कुणाचीतरी येत होती. आणि तरीही बरं वाटत होतं. दोन्ही एकदम. दोन्ही खरं.

गोजरबाई तेलाची वाटी उचलून गेली. वासंती उंबऱ्यात उभी होती, बंद दाराकडं पाठ करून. मग म्हणाली, "हातपाय धुऊन घ्या. पान वाढते."

त्यानं अंगणात हात धुतले. राखेनं घासले, तरी एरंडेल गेलं नाही. हे हात तोंडाशी जातील तेव्हा काय होईल ते त्याला ठाऊक होतं, त्यानं मनाची तयारीच ठेवली होती. तो पाटावर बसला. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, कांदा, लाल मिरचीचा ठेचा. खोलीतून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता आणि शैलजाच्याही. वासंती समोर बसली नाही, चुलीपाशी तिरकी बसली, पदरानं तोंड न पुसता. त्यानं पहिला घास मोडला. पोट ढवळलं नाही. वरण गरम होतं, मीठ बेताचं होतं. दुसरा घास घेतला. त्याला भूक लागली होती, महिन्यामहिन्यांत लागली नव्हती अशी.

"गाडी चालते का?" वासंतीनं चुलीकडंच पाहत विचारलं.

"चालते," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. जाळ मागं ओढला, तव्यावरची भाकरी उलटली. खोलीतलं रडणं थांबलं नव्हतं. नीळकंठनं ताटातलं वरण बोटानं निपटून घेतलं, ताट तिच्याकडं सरकवलं आणि आणखी एक भाकरी मागितली.